वाळूवरची पांढरी रिंगणं

मार्चचा शेवटचा आठवडा आला की प्रवरेच्या पात्रातली वाळू वर यायला लागते. ती एका दिवसात येत नाही. आधी प्रवाहाच्या मधोमध एक पाठ दिसते, डुंबणाऱ्या म्हशीच्या पाठीएवढी, करडी आणि ओली. चार दिवसांनी तिच्यावर एक बगळा उभा राहतो. आठवड्याने ती काठाला जोडली जाते. मग पाणी रोज वीतभर मागे सरकतं, आणि सरकताना सुकलेल्या शेवाळाची एक काळपट रेघ मागे ठेवतं. त्या रेघा मोजल्या तर उन्हाळा किती दिवसांचा झाला ते कळतं. काठावर त्या वेळी ऊस तुटून गेलेला असतो, पाचट पेटवल्याचा वास असतो, कांदा चाळीत चढत असतो. नदीकडे बघायला फारसं कोणी रिकामं नसतं.

यंदाही वाळू आली. नेवाशाच्या खालच्या अंगाला असलेल्या एका गावाहून सकाळी सातला फोन आला.

"उघडी पडली," मुळे सर म्हणाले. "काल दोन पक्षी दिसले, पाण्यावर फिरताना. बातमी करू नका."

"नाही करत."

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात."

हे बरोबर नाही. मागच्या वेळी त्यांनीच बोलावलं होतं आणि बातमी मी केली होती. पण ती दुरुस्ती करण्याची वेळ निघून गेली आहे.

मुळे सरांचे आजोबा भिक्षुकी करत, वडील कचेरीत कारकून होते, सर हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावामागच्या डोंगरावर पाणी अडवण्याचं काम उभं केलं. पारनेर तालुक्यातली गावं बघून यायची, तिथले चर बघायचे, आणि आपल्या उतारावर तसेच आखायचे. आखणी फक्कीने व्हायची. क्रीडांगणावर रेघा मारतात ती पांढरी पूड. सर पुढे, मागे फक्कीची पिशवी धरणारा, आणि डोंगराला समांतर अशी रेघ. रेघ पडली की गाव त्या रेघेवर खोदायचं. पांढरी रेघ म्हणजे इथे काहीतरी चांगलं होणार आहे, असा त्या गावाचा दहा-बारा वर्षांचा अनुभव होता. पुढे जे झालं ते या अनुभवामुळे झालं.

मी सांगतो तो उन्हाळा चार-पाच वर्षांपूर्वीचा. जिल्ह्याच्या पाट्यांवर तेव्हा जुनं नाव होतं.

त्याआधी बरीच वर्षं त्या गावाला नदी होती, वाळू नव्हती. ती टेम्पोतून आणि डंपरमधून गेली होती. पात्रात डंपर बुडेल एवढे खड्डे होते, खड्ड्यांत हिरवं पाणी होतं आणि कडेला वेडी बाभूळ माजली होती. विहिरींचं पाणी खाली गेलं तेव्हा गावाला वाळू आठवली. ग्रामसभेत उपसा बंद करायचं ठरलं. नदीकडे जाणाऱ्या तिन्ही वाटांवर आडवे चर खोदले. दोन हिवाळे गावाने बाभळी मुळासकट काढल्या. बाकीचं काम पुराने केलं. पहिल्या पुराने खड्डे अर्धे भरले, दुसऱ्याने बुजवले. तिसऱ्या उन्हाळ्यात पात्रात जवळजवळ अर्धा मैल लांबीचं वाळवंट उघडं पडलं. दुपारी ते एवढं चमकायचं की काठावरून डोळे बारीक करून बघावं लागे. म्हातारी माणसं ते बघायला यायची, आणि आपण लहानपणी इथे कुठे पोहायला शिकलो ते एकमेकांना दाखवायची. कोणाचीच जागा दुसऱ्याला पटायची नाही.

त्या वर्षी सुरय आले. नदीसुरय हा काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा, लाल पायांचा पक्षी. शेपूट दुभंगलेली. उडताना तो हलका आणि निष्काळजी दिसतो, तसा तो नाही. तो उघड्या वाळूत अंगाने एक खळगा करतो आणि त्यात दोन-तीन अंडी घालतो. काडी नाही, गवत नाही. अंड्यांचा रंग वाळूचा आणि त्यांवरचे ठिपके खड्यांचे. दोन पावलांवरून दिसत नाहीत. एवढंच त्याचं संरक्षण. भर दुपारी तो पाण्यावर जातो, पोट भिजवून येतो आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतो.

त्याच वर्षी कौसाबाईही परत आली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या, याची नोंद तेव्हा कोणी केली नाही.

कौसाबाई तेव्हा पन्नाशीची असेल. तिच्या सासरी तीन पिढ्या नदीच्या वाळूत वाडी लावत. काठालगतची उंच वाळू पौषातच उघडी असते, ती कोपरभर उकरायची, खाली ओल लागली की शेणखत घालायचं, टरबुजाची, खरबुजाची, वाळकाची बी लावायची. पाण्यासाठी बाजूलाच वाळूत झिरा खणायचा. चैत्र-वैशाखात फळ. जूनमध्ये सगळं नदी घेऊन जाते. वाळू गेली तेव्हा वाडीही गेली आणि कौसाबाई दुसऱ्यांच्या रानात कांदे काढायला जाऊ लागली. वाळू आल्यावर तिने डब्यातलं बी काढलं. एवढ्या वर्षांनी उगवेल की नाही ठाऊक नव्हतं. निम्मं उगवलं. त्या वर्षी तिची चाळीस आळी होती, वाळवंटाच्या वरच्या टोकाला.

तिची एक पद्धत होती. दिवस मावळताना ती बोराटीची एक मोठी काटेरी फांदी दोरीने ओढत वाडीच्या आतून-बाहेरून फिरायची. दिवसभराची पावलं पुसली जायची आणि वाळू फणी फिरवल्यासारखी सारखी व्हायची. सकाळी ती आधी वाळू बघायची, मग वेल. रात्री कोल्हा आला का, साळिंदर आलं का, शेजारच्या वस्तीवरचं पोर आलं का, सगळं तिथे उमटलेलं असायचं. पहिल्या भेटीत तिने मला एक ओळ दाखवली होती.

"ह्यो कोल्हा. आला सरळ, गेला वाकडा. फळ कच्चं निघालं, म्हनून रागानं गेला."

"राग कसा कळतो?"

"पेपरात लिवता न्हवं तुमी? मग वाचाया कसं येत न्हाई?"

मुळे सरांना ही वाडी खटकत होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. पक्ष्याने वाळवंटात अंडी घातली आहेत, तिथे माणसाचा रोजचा वावर नको. झिऱ्यावर येणं-जाणं नको, खत नको. वाळू गावाने वाचवली आहे, एका घराच्या टरबुजांसाठी नाही. एक मेच्या ग्रामसभेत वाडी हटवण्याचा ठराव येणार होता. फळ त्या सुमारास नुकतं तयार होत असतं. ठराव झाला असता तर कौसाबाईचा तो हंगाम गेला असता, आणि पुढचेही. जपून ठेवलेलं बी तिने सगळं लावलं होतं. डब्यात काही उरलं नव्हतं.

"सर, पाखरांना मी दगूड मारला का कदी?" तिने विचारलं होतं.

"प्रश्न दगडाचा नाही, कौसाबाई. अधिवासाचा आहे."

"तो कोन?"

सरांनी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"म्हंजे ऱ्हायाची जागा," ती म्हणाली. "मग माजीबी तीच हाय की."

एप्रिलच्या मध्यावर सरांनी घरटी आखायचं ठरवलं. बैलगाड्या पात्रातून जातात, पोरं क्रिकेटला येतात, कोणाचाही पाय पडेल. दिसत नाही ते वाचवायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. दिसेल असं करायचं, हे त्यांचं उत्तर होतं. सकाळी आम्ही आठजण पात्रात उतरलो. सर पुढे बघत चालत होते, घरटं सापडलं की हात वर करत. एकजण त्याभोवती हातभर अंतरावर फक्कीचं रिंगण घाली. पिशवी धरणाऱ्यांत मी होतो आणि आकडा माझ्या वहीत होता. डोक्यावर सुरय ओरडत होते, सूर मारत होते, दोनदा एकाच्या टोपीला चोच लागली. सर आनंदात होते. "रागावू दे, रागावू दे," ते म्हणत होते. "आपल्या भल्याचं आहे हे त्यांना काय माहीत."

वाडीजवळ पोचलो तेव्हा कौसाबाई वेलांच्या अलीकडे उभी होती.

"हितं काय न्हाई," ती म्हणाली.

"बघू द्या की एकदा."

"न्हाई म्हनलं ना. माज्या येलात पांढरं टाकू नगा."

सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हाच अडसर आहे." वहीत आकडा पडला, एकोणीस. काठावर चढून मागे पाहिलं तेव्हा वाळवंटावर एकोणीस पांढरी रिंगणं दिसत होती, स्पष्ट, सारखी. छायाचित्र चांगलं आलं. त्या वर्षीच्या माझ्या चांगल्या छायाचित्रांत त्याची गणना झाली.

बातमी दुसऱ्या दिवशी आली. "घरट्यांना पांढऱ्या रिंगणांचे कवच" असं शीर्षक होतं. मजकुरात "आदर्श" हा शब्द दोनदा होता. अंक त्या गावात सकाळी नवाच्या एसटीने पोचतो. त्या वेळेपर्यंत चौदा रिंगणं रिकामी झाली होती.

सरांनी फोनवर फक्त "या" म्हटलं. मी पोचलो तेव्हा गावातली दहा-पंधरा माणसं काठावर होती. कुत्र्यांनी केलं, असं एकाचं मत होतं. कुणी मुद्दाम केलं, असं दुसऱ्याचं. तो बोलताना वाडीकडे बघत होता. सरपंच भाऊसाहेब चप्पल हातात घेऊन उभे होते. ते एरवी प्रत्येक गोष्टीवर विनोद करत. आदल्या दिवशीच म्हणाले होते, "पाखरांची घरकुलं एका दिवसात मंजूर, आमची अजून यादीत हायेत." त्या सकाळी त्यांनी विनोद केला नाही.

कौसाबाई खालून आली. तिच्यावर येणारा आळ तिला काठावर चढण्याआधीच कळला असावा. तिने कोणाला उत्तर दिलं नाही. सरांच्या मनगटाला धरून त्यांना खाली नेलं. आम्ही मागून गेलो.

"हितं हुभं ऱ्हावा. आता बगा," ती एका रिकाम्या रिंगणापाशी म्हणाली. "काल सांजच्याला मी फांदी हितवर वढली हुती. मला वाटलंच हुतं. कुत्र्याचा पाय दिसतो का? मानसाचा दिसतो का?"

वाळू सारखी होती. तिच्यावर कुठूनही आलेली ओळ नव्हती. फक्त रिंगणाच्या आत पायांच्या खुणा होत्या, पुढे तीन बोटं आणि मागे एक लांब बोट, पुन्हा पुन्हा एकाच जागी.

"कावळे," सर म्हणाले.

"व्हय, कावळे. त्या तिकडच्या बाभळीवर बसून काल सकाळी बगत हुते. तुमी आठजन हुता, पाखरं वर हुती. कावळ्यानं बसल्या जागी मोजलं असंल, तुमच्या वहीवानी." ती थांबली. मग मान हलवून म्हणाली, "सर, तुमच्या घरी सणाला ताट मांडता तवा भवती काय काडता?"

सरांनी पायाशी असलेल्या रिंगणाकडे पाहिलं.

"रांगोळी काडता ना? मग? पान वाडलं, भवती रांगोळी घातली, आन म्हनता जेवाया कोन आलं!"

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

उरलेली पाच वाचवण्यासाठी रिंगणं पुसायचं ठरलं. फक्की पुसता येत नाही. हाताने सारली तर पसरते, पाणी टाकलं तर थिजते. पाच रिंगणांचे पाच पांढरे डाग झाले, आधीपेक्षा मोठे. वरून कोरडी वाळू टाकली, तर सुरय आपल्या जागा ओळखेनात आणि भोवती फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाचही रिकामी होती.

त्या दिवशी सर दुपारपर्यंत काठावरच्या करंजाखाली बसून होते. मी शेजारी होतो. वृत्तपत्रात चुकीची बातमी गेली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती देतात. या बातमीत दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. रिंगणं घातली होती हे खरं होतं, एकोणीस घरटी होती हेही खरं होतं. असं मला वाटत होतं.

ऊन कलल्यावर कौसाबाई वर आली, हातात कापलेलं वाळूक. आम्हा दोघांना फोडी दिल्या. मग सरांच्या समोर उकिडवी बसून म्हणाली, "येलात दोन हायेत."

"काय?"

"घरटी. दोन हायेत. एक पंध्राव्या आळ्यापाशी, दुसरं झिऱ्याच्या वाटंला. परवा खोटं बोलले मी."

सरांनी फोड खाली ठेवली. "का?"

"तुमी घाईघाईनं पांढरं घालत आला हुता. मला काय ठावं काय व्हनार ते. पर अंडं झाकलेलं बरं, एवडं ठावं हुतं." मग ती म्हणाली, "आता ठराव करनार असाल तर करा. पर मला हाकलायच्या आधी त्यानला फुटू द्या. पंध्रा-ईस दीस ऱ्हायलेत. तवर मी हाय म्हनून कोल्हा येत न्हाई आन कावळा बी जरा लांब ऱ्हातो."

म्हणजे आकडा एकवीस होता. माझ्या वहीत आणि छापील बातमीत तो एकोणीस आहे. ती दुरुस्ती कधी छापली गेली नाही.

चूक कशी घडते याचा विचार त्यानंतर बरेचदा झाला. ज्या माणसांना काहीच करायचं नसतं त्यांच्याकडून ती घडली नव्हती. ज्यांनी डोंगर हिरवा केला, नदीला वाळू परत दिली, त्यांच्याच हाताने ती घडली, आणि त्याच हत्याराने. डोंगरावर रेघ मारली की पाणी थांबत होतं, कारण पाण्याला डोळे नाहीत. वाळवंट वेगळं आहे. तिथली सगळी वस्ती न दिसण्यावर उभी असते. चिखल्या या वाळूतल्या छोट्या पक्ष्याचं पिल्लू धोका दिसला की पळत नाही, खड्यांत खडा होऊन बसतं. आम्ही वाळू परत आणली होती. वाळूत राहायचं कसं, हे आम्हाला माहीत नव्हतं. गावात ते एकाच बाईला माहीत होतं, आणि तिला काढून टाकण्याचा कागद तयार होता.

एक मेची ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. झेंडावंदनानंतर लगेच, म्हणून गर्दी बरी होती. विषय चार वाचून झाले, पाचवा वाडीचा. भाऊसाहेबांनी कागद सरांकडे दिला. सर उभे राहिले, चष्मा लावला, पण कागद उघडला नाही.

"एकोणीस घरटी माझ्याकडे होती," ते म्हणाले. "दोन कौसाबाईकडे. माझी एकोणीस गेली. तिची दोन आहेत. हा ठराव मी मागे घेतो."

मागून एकाने विचारलं, "मग नवा काय मांडायचा?"

सरांनी कौसाबाईकडे पाहिलं. ती बायकांच्या रांगेत, खांबाला टेकून बसली होती.

"मांडू नगा काय," ती म्हणाली. "पात्रात गाडी घालू नगा आन रोज बगाया येऊ नगा. एवडंच लिवा."

भाऊसाहेबांनी ग्रामसेवकाला तेवढंच लिहायला सांगितलं. नंतर त्यांच्यातला विनोद परत आला. "आमची पहिलीच सभा, जिच्यात काय करायचं न्हाई ते मंजूर झालं." लोक हसले. सर हसले नाहीत. ते खाली उतरून कौसाबाईपाशी गेले, आणि काय बोलले ते ऐकू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "असू द्या. टरबूज न्या जाताना."

त्यानंतर चौथ्या दिवशी तिने निरोप पाठवला. सर आणि मी गेलो, दोघेच, तिच्या पावलांवर पाऊल ठेवत. पंधराव्या आळ्यापासून हातभर अंतरावर तिने थांबवलं आणि बोटाने दाखवलं. फांदी फिरवलेल्या सारख्या वाळूवर एक ओळ होती. तीन बोटांच्या खुणा, भाताच्या दाण्यांएवढ्या, दोन-दोन, जरा तिरक्या. ओळ वेलाच्या पानाखाली जाऊन संपत होती. आणि सुरू होत होती मोकळ्या वाळूच्या मधोमध, एका उथळ खळग्यात.

"ही वळ बगा," कौसाबाई म्हणाली. "कुटनं आली?"

सर वाकले. बराच वेळ बघत राहिले. "कुठूनच नाही."

"आलाच न्हाई त्यो," ती म्हणाली. "हितनंच निगाला."

पानाखाली काहीतरी हललं, की वारा होता, ते आम्ही पाहायला गेलो नाही. वर एक सुरय ओरडत होता, चोचीत मासळी धरून. आम्ही निघाल्यावर तो खाली उतरला.

ज्या जोड्यांची अंडी गेली होती, त्यांतल्या काहींनी मे महिन्यात पुन्हा घातली असावीत. नक्की सांगता येत नाही, कारण ठरल्याप्रमाणे कोणी बघायला गेलं नाही. जूनमध्ये नदी आली. वाडी, झिरा, खळगे आणि फक्कीचे डाग एकाच दिवशी गेले.

त्यानंतरचे उन्हाळे आले आणि गेले. कौसाबाईचे गुडघे आता साथ देत नाहीत. यंदा तिने सहाच आळी केली, बी मोडू नये म्हणून. काठावरच्या करंजाखाली ती खुर्ची टाकून बसते, प्लॅस्टिकची, भाऊसाहेबांनी ग्रामपंचायतीतून दिलेली. दिवस मावळताना मुळे सर बोराटीची फांदी ओढत वाळूवर फिरतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, अनवाणी, दोरी कमरेला बांधून. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी काठावर होतो.

"सर, डाव्या अंगानं!" ती वरून ओरडत होती. "तितं हाय एक. वलांडू नगा, वळसा घाला! किती येळा सांगायचं? शाळंत पोरानला असंच शिकवलं का?"

"हो हो," सर खालून म्हणाले आणि वळसा घातला.

यंदा किती घरटी आहेत, ते सरांना माहीत असावं. मी विचारलं नाही आणि वही नेली नव्हती. रोज सकाळी सातला त्यांचा फोन येतो. बहुतेक दिवशी तो एका शब्दाचा असतो. "कोरी," ते म्हणतात, म्हणजे रात्रीतून वाळूवर कोणी आलं नाही. कधी "कोल्हा, पलीकडून गेला". कधी "टिटवी". वर्तमानपत्रात यांतल्या कशालाही जागा नाही. मी ऐकतो आणि ठेवतो.

परवा, मेच्या पहिल्या आठवड्यात, फोन पावणेसातला आला. पलीकडून आधी श्वास ऐकू आला, वाळूतून चालून आल्यावर लागतो तसा. मागे सुरय ओरडत होते.

"एक ओळ आहे," मुळे सर म्हणाले. "बारीक. तीन बोटांची." मग थोडं थांबून, शाळेत फळ्यावरची आकृती समजावताना बोलत असतील तसं, सावकाश म्हणाले, "येण्याची नाही. फक्त जाण्याची."